आटे, फट आणि रॉकेट : एका छोट्या जोडाचा मोठा इतिहास

१/ ३१ ऑक्टोबर १९३६. कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाजवळ, आरोयो सेको नावाच्या कोरड्या पात्रात फ्रँक मलीना, जॅक पार्सन्स, एड फोरमन आणि त्यांचे सोबती एका लहान रॉकेट इंजिनाची चाचणी घेत होते. इंधन मिथेनॉल, सोबत वायुरूप ऑक्सिजन. शेवटच्या प्रयत्नात ऑक्सिजनच्या नळीनेच पेट घेतला आणि ती सुटून जमिनीवर फणा काढल्यासारखी फिरू लागली. सारे जीव मुठीत धरून पळाले.

२/ रॉकेटचा इतिहास सांगताना आपण ज्वाला आणि उंची सांगतो. हौशी प्रयोगकर्त्यांची खरी झुंज मात्र अनेकदा बोटाएवढ्या नळ्या आणि त्यांच्या जोडांशी होती. या जोडांचीही एक वंशावळ आहे.

३/ एके काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी ब्रिटनमध्ये ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाण सुचविले. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा पुरस्कार केला. पाच अंशांचा हा दुरावा पुढे नळ्यांच्या आट्यांतही उतरला.

४/ अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज यांच्या कामातून निमुळत्या आट्यांचे प्रमाण रूढ झाले : दर १६ एककांमागे व्यासात १ एककाची घट. फिरवत गेले की जोड पाचरीसारखा घट्ट होतो. ब्रिटिश निमुळत्या आट्यांचा उतारही तेवढाच. पाव इंची नळीवर अमेरिकी आटे इंचाला १८, ब्रिटिश १९; अर्ध्या इंचीवर मात्र दोन्हींकडे १४! त्यामुळे परके आटे एकमेकांत सहज शिरतात, बसल्यासारखे वाटतात आणि दाब येताच गळतात.

५/ शिवाय निमुळते आटे कितीही आवळले, तरी त्यांच्या टोकांशी नागमोडी सूक्ष्म वाट उरतेच. ती बुजविण्यासाठी नळकामात सुतळी आणि सफेदा वापरत. परंतु दाबाखालच्या ऑक्सिजनपुढे तेल-ग्रीसचा अंशही ठिणगीचे काम करतो. घरच्या नळाला चालणारे येथे घातक ठरते.

६/ १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघाताने गवसलेल्या टेफ्लॉनने एक वाट मोकळी केली, कारण ते सहजासहजी पेटत नाही. पण टेपचा तुकडा तुटून आत गेला, तर इंजिनाची बारीक छिद्रे तुंबतात. म्हणून टोकाचे एक-दोन आटे मोकळे ठेवून टेप गुंडाळण्याची शिस्त. आणि गळते म्हणून अधिक आवळावे, तर पाचर ॲल्युमिनियमच्या भागाला तडा देते.

७/ खरे उत्तर श्रमविभागणीत सापडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या विमानांत ३७ अंशांच्या शंकूचे जोड प्रमाण झाले. यात आटे सरळ. त्यांचे काम फक्त ओढून धरण्याचे, गळती थोपवितो तो धातूवर धातू टेकलेला शंकू. येथेही सापळा आहेच : मोटारींच्या नळ्यांचा शंकू ४५ अंशांचा, दिसायला सख्खा भाऊ, पण दोघे जुळत नाहीत.

८/ नील्स क्रिस्टेन्सन यांच्या रबरी ओ-रिंगचे पेटंट १९३९ चे. सरळ आटे आणि ओ-रिंग ही जोडी पुढे सर्वत्र पसरली. पण रबराचीही मर्यादा असते. २८ जानेवारी १९८६ रोजी थंडीने ताठरलेल्या ओ-रिंगने साथ सोडली आणि चॅलेंजर यानासह सात अंतराळवीर गेले.

९/ आरोयो सेकोतील तरुणांनी हार मानली नाही. १६ जानेवारी १९३७ रोजी त्यांचे इंजिन ४४ सेकंद चालले. याच मंडळीच्या कामातून पुढे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली.

१०/ तेव्हा संग्रहालयात रॉकेट पाहाल, तर नजर नुसती टोकाकडे नेऊ नका. खाली, नळ्यांच्या जोडांकडेही पाहा. ज्वालेला वाट दाखविणे जितके कठीण, तितकेच तिला नको त्या वाटेवर अडविणेही.