पुरानंतर विनाइल प्लँक फ्लोअरिंगचे काय करावे?

विनाइल प्लँक म्हणजे लाकडी फळीसारख्या दिसणाऱ्या पीव्हीसीच्या लांबट पट्ट्या. जुनी शहाबादी फरशी किंवा टाइल्स न फोडता त्यांच्यावरच या पट्ट्या बसवता येतात, म्हणून घराचे नूतनीकरण करताना अनेक जण त्या निवडतात. विकताना 'वॉटरप्रूफ' हा शब्द हमखास ऐकवला जातो. तो खरा आहे, पण पट्टीपुरताच. पुराचे पाणी भिंतीच्या कडेने आणि सांध्यांतून खाली शिरते. एकदा ते खाली अडकले की वरची पट्टी त्याला सहजासहजी वाळू देत नाही. त्यामुळे वरून कोरडी आणि चकचकीत दिसणारी जमीन खालून आठवडेच्या आठवडे ओली राहू शकते.

अहिल्यानगर जिल्ह्यात धोका कुठे?

जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो, पण नदीकाठच्या गावांना पूर नवा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा पाणी कोपरगाव शहरात शिरले होते. तेथे पाऊस नसला तरी नाशिककडच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने नदी फुगते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांना फटका बसला. अहिल्यानगर शहराला सीना नदी आणि ओढे-नाल्यांच्या पाण्याचा धोका असतो. या पाण्याबरोबर काळ्या मातीचा बारीक गाळ येतो. तो सांध्यांतून पट्ट्यांखाली जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो.

आधी पाणी कोणते, ते पाहा

- स्वच्छ पाणी: टाकी भरून वाहिली, नळ फुटला. एक-दोन दिवसांत पट्ट्या उचलून जागा वाळवली, तर बहुतेक पट्ट्या पुन्हा वापरता येतात.
- नदी, नाला किंवा गटाराचे पाणी: यात मैला आणि रोगजंतू असू शकतात. अशा वेळी फ्लोअरिंग काढावेच लागते. खालचा फोम टाकून द्यावा. पट्टीला मागून फोम चिकटवलेला असेल, तर ती पट्टीही ठेवू नये.

ओल्या जागेत बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते. म्हणून 'ऊन पडले की वाळेल' असे म्हणून थांबू नये.

बसवण्याची पद्धत कोणती?

- क्लिक-लॉक: पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. त्या सोडवता येतात. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा गाभा असलेली एसपीसी पट्टी पाण्याने फुगत नाही. लॉक शाबूत असेल तर ती धुऊन पुन्हा बसवता येते.
- गोंदाने चिकटवलेली: पाण्याने गोंद सुटतो, कडा उचलल्या जातात. अशा पट्ट्या सहसा पुन्हा वापरता येत नाहीत.
- लॅमिनेट: ते विनाइलसारखेच दिसते, पण आत दाबलेल्या लाकडी भुशाचा थर असतो. तो फुगला की पूर्ववत होत नाही.

कामाचा क्रम

१. मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. गाळात साप-विंचू असू शकतात आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

२. काहीही हलवण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा.

३. भिंतीलगतची स्कर्टिंग काढा आणि कडेपासून एकेक पट्टी सोडवा. मागे मार्करने क्रमांक घाला.

४. गाळ आधी साबणाच्या पाण्याने धुऊन काढा. गाळ असताना ब्लीचचा उपयोग होत नाही.

५. मग चार लिटर पाण्यात जास्तीत जास्त एक कप घरगुती द्रव ब्लीच मिसळून जमीन आणि पट्ट्या पुसा. खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू तयार होतो.

६. पट्ट्या सावलीत, सपाट ठेवून वाळवा. कडक उन्हात त्या वाकतात.

टाकाऊ पट्ट्या जाळू नयेत. पीव्हीसी जळताना घातक धूर निघतो.

जमीन वाळली का, हे कसे ओळखावे?

हाताला कोरडा लागणारा कोबा आतून ओला असू शकतो. साधारण दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. किमान १६ तासांनी उचला. आतून दव दिसले किंवा खालची जागा काळपट पडली, तर ओल बाकी आहे. खोलीत तीन-चार ठिकाणी ही चाचणी करा. त्यात ओल दिसत असेपर्यंत पट्ट्या बसवू नका. दिवाळी किंवा लग्नाची घाई असली, तरी तोवर सतरंजी किंवा चटईवर भागवावे.

भरपाईसाठी

सरकारी मदतीसाठी पंचनामा लागतो, म्हणून तलाठी कार्यालयाला लगेच कळवा. घराचा विमा असेल तर कंपनीलाही तातडीने कळवा. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पुराचे नुकसान समाविष्ट आहे. पाहणी होईपर्यंत काढलेल्या पट्ट्यांतील दोन-चार नमुने आणि खरेदीची पावती जपून ठेवा.