‘तात्पुरता’ हा शब्द नेमका कधी वापरायचा?

काही नवजात बाळांची थायरॉइड, म्हणजे पुस्तकी मराठीतली अवटू ग्रंथी, सुरुवातीला कमी काम करते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताळ्यावर येते. याला ‘तात्पुरता’ हायपोथायरॉइडिझम म्हणतात. नाव ऐकून वाटतं, चला, काळजी मिटली! पण हे नाव कसं पडलं ते बघा, म्हणजे त्यातली मेख कळेल.

१९७० पूर्वी ही बाळं जवळपास कुणाला दिसतच नव्हती. कारण असं बाळ जन्मतः बहुधा अगदी ठीक दिसतं. आईचं थोडं थायरॉक्सिन वारेतून त्याला मिळालेलं असतं. सुस्ती, बद्धकोष्ठ, लांबलेली कावीळ, मोठी जीभ ही लक्षणं उमटेपर्यंत आठवडे, कधी महिने जातात. तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं, आणि ते भरून निघत नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टीपकागदावर वाळवून फिनाइलकीटोन्युरिया हा आजार ओळखायची पद्धत रूढ केली. पुढच्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाँ द्युसो यांनी तशाच वाळलेल्या थेंबातून थायरॉक्सिन मोजलं. साधारण ४००० बाळांमागे एक रुग्ण सापडू लागला. पण एक कोडंही पडलं. काही बाळांची तपासणी पुन्हा केली, तर सगळं नॉर्मल!

असं का व्हावं? याची उत्तरं हळूहळू, वेगवेगळ्या ठिकाणांहून आली.

पहिलं उत्तर उंदरांवरच्या जुन्या प्रयोगात दडलेलं होतं. वोल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्ये दाखवलं होतं की आयोडीनचा मारा झाला की थायरॉइड हार्मोन बनवणं थांबवते. मोठ्या माणसाची ग्रंथी एक-दोन दिवसांत यातून सावरते, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सावरत नाही. १९७८ मध्ये शाब्रोल आणि रॉसिए या फ्रेंच डॉक्टरांनी अशी नवजात बाळं नोंदवली, ज्यांच्या कातडीवर जंतुनाशक म्हणून आयोडीन लावलं होतं. म्हणजे संसर्ग टाळायला लावलेलं औषधच ग्रंथी बंद पाडत होतं.

दुसरं उत्तर जपानमधून आलं. १९८० मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळात जातात आणि त्याच्या थायरॉइडला मिळणारा टीएसएचचा संदेश अडवतात. ती प्रतिपिंडं काही महिन्यांत विरतात आणि ग्रंथी कामाला लागते.

तिसरं उत्तर पहिल्याच्या बरोबर उलट: आयोडीनची कमतरता. बेल्जियममध्ये फ्रांस्वा देलाँज यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हे दाखवलं. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समधल्या कोचुपिल्लई आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या आयोडीन-टंचाईच्या जिल्ह्यांत नवजात बाळांचं नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा थायरॉइड मंदावलेल्या बाळांचं प्रमाण खूपच जास्त निघालं. थोडक्यात, आयोडीन जास्त झालं तरी पंचाईत आणि कमी पडलं तरी पंचाईत.

आता मेख बघा. रिपोर्ट हातात येतो त्या दिवशी तात्पुरता आजार आणि कायमचा आजार बऱ्याचदा सारखेच दिसतात. कुठला आहे ते ठरेपर्यंत थांबावं, तर मेंदू थांबत नाही. म्हणून डॉक्टर शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांतच गोळी सुरू करतात. शंका असेल, तर साधारण तीन वर्षांचं झाल्यावर महिनाभर ती बंद करून पुन्हा रक्त तपासतात. तोवर मेंदूच्या वाढीचा सर्वांत नाजूक काळ उलटलेला असतो. ‘तात्पुरता’ हा शिक्का बसतो तो तेव्हा, मागे वळून पाहताना.

त्यामुळे तुमच्या घरातल्या बाळाला टाचेच्या तपासणीनंतर पुन्हा रक्त द्यायला बोलावलं, तर घाबरू नका, पण टाळूही नका. जन्मानंतर लगेच टीएसएच तसाही उसळतो आणि काही दिवसांत उतरतो, म्हणून फेरतपासणीत पुष्कळ बाळं ठीक निघतात. मात्र गोळी सुरू झाली असेल तर ‘होईल आपोआप बरं’ म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. आजार तात्पुरता असू शकतो. उशिरामुळे झालेलं नुकसान तात्पुरतं नसतं.