आपल्या वाट्याचे सोडताना : एक प्रस्तावना

ख्रिस्ती श्रद्धा आणि मालमत्ता यांचे नाते समजून घ्यायला ग्रीक-लॅटिन यावेच लागते असे नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणत. मराठी वाचकानेही त्याच वाटेने यावे. कर्जखते इंद्रायणीत बुडवण्याआधी तुकोबांनी निम्मी खते धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, असे परंपरा सांगते. बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. सोडणारा नेमके कुणाचे सोडतो, हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

सर्वस्व विकून टाक, असे येशूने ज्याला सांगितले तो शुभवर्तमानातला धनवान तरुण सर्वांना आठवतो. जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवून ठेवणारा, प्रेषितांच्या कृत्यांतला हनन्या मात्र नीट वाचला जात नाही. जमीन विकण्याआधी ती तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता, असे पेत्र त्याला बजावतो. दोष पैसा ठेवण्याचा नव्हता, खोटे बोलण्याचा होता. त्याग सक्तीचा नसावा, हे तिथेच ठरले.

टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. 1917 मध्ये त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. या त्यागाची थोरवी मी मानतोच; पण तो पुरता कळायचा तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आत्मकथनाची, ‘स्मृतिचित्रे’ची, पाने वाचावी लागतात. नवऱ्याच्या हातात पैसा टिकत नाही आणि चूल तर रोज पेटवायची असते, हे त्या न चिडता, न लपवता लिहितात. संन्याशाच्या बायकोने घराचा हिशेब सांगितला आहे, असे दुसरे इतके मोलाचे साधन मला ठाऊक नाही. याउलट पंडिता रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, शेती केली, छापखाना चालवला, आणि ते सारे निराधार स्त्रियांच्या कामी लावले. मालकी असूनही मोह नसणे, याचे हे मराठी उदाहरण.

आणखी एक भेद सुरुवातीलाच पक्का करावा. सिद्धगडाच्या मुलखात, मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. सगळा संसार डोक्यावर मावतो. या नाइलाजाला अपरिग्रह म्हणणे हा अन्याय आहे. ज्याच्या हाती काही येऊच दिले नाही, त्याला सोडण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कुणालाही नाही, चर्चलाही नाही.

म्हणून नव्या अभ्यासकाला विनंती : टीकाग्रंथांकडे वळण्याआधी मार्कचा दहावा अध्याय, कृत्यांचा पाचवा अध्याय आणि ‘स्मृतिचित्रे’ एकापाठोपाठ एक वाचा. प्रत्येक ठिकाणी त्यागाची किंमत कुणी मोजली, ते वहीत लिहून ठेवा.