आमलीचा सरंजाम

जुन्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहणाऱ्या बिऱ्हाडाला गाव कालांतराने घराचे धनी समजू लागते. भाडेचिठ्ठी फडताळात पडून राहते. आमली, म्हणजे सिल्वासा, हे ज्या नगरहवेलीचे मुख्य ठाणे, तिच्या बाबतीत हाच प्रकार राज्याराज्यांत घडला.

इ. स. 1779 च्या डिसेंबरात पुणे दरबार व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. सालीना 12,000 रुपये उत्पन्नाची गावे दमणकर फिरंग्यांस लावून द्यावी, असे त्यात ठरले. 1783 व 1785 च्या सनदांनी ती नेमून दिली गेली. दिले ते काय? महसूल, की मुलूख? 1954 साली ही गावे मुक्त झाल्यावर पोर्तुगालने 1955 मध्ये हेगच्या न्यायालयात दावा लावला आणि या जुन्या शब्दांचा कीस निघाला.

12 एप्रिल 1960 च्या निर्णयात मराठी दप्तराच्या भाषेला मिळालेले महत्त्व आपल्या अभ्यासकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. राज्याधिकारच सोडावयाचा असे तेव्हा मराठे तसे स्पष्ट शब्द योजीत. येथे ते नाहीत. शिवाय गावांतील बंडावा मोडण्याची मुभा फिरंग्यांस दिलेली आहे, आणि धन्याला अशी मुभा कोणाकडून घ्यावी लागत नाही. तेव्हा हा केवळ जागिरीचा, सरंजामाचा व्यवहार ठरला.

पण निर्णय येथेच थांबत नाही. पुढे या प्रदेशात आलेल्या इंग्रजांनी गावांत पोर्तुगीजांचा एकहाती अंमल पाहिला आणि त्यावर हक्क सांगितला नाही. भारतानेही ती स्थिती मुकाट्याने मान्य केली. यास्तव न्यायालयाने पोर्तुगालचे सार्वभौमत्व मानले. चिठ्ठीत कूळ, वहिवाटीत धनी! प्रस्तुत लेखकास यातला पूर्वार्ध अधिक मोलाचा वाटतो. दमणहून जाण्यायेण्याचा हक्क खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य मालापुरता धरला गेला, फौजेला नव्हे. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही ठरले.

निकाल लागला तेव्हा आमलीत वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालू होता. ऑगस्ट 1961 मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला. परंतु ते 12,000 रुपये ज्या शेतांतून यावयाचे, ती कसणाऱ्या वारली-कोकणांच्या जमिनीचा प्रश्न मागेच राहिला; पोर्तुगीज अमदानीतील ‘अल्वारा’ व ‘तेरम’ हे जमीनधारणेचे प्रकार रद्द करणारा कायदा 1971 साली झाला.