राणीबाग ते माळरान : अवर्षणप्रवण प्रदेशातील वनस्पती-समुदायाच्या पुनरुज्जीवनाचा विचार

भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच राणीबाग, 1862 मध्ये लोकांसाठी खुले झाले. देशोदेशीच्या वनस्पती एकत्र वाढविणे हा तत्कालीन वनस्पतिउद्यानांचा एक प्रमुख हेतू होता. आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातील गोरखचिंचही या संग्रहात आहे. उद्यानात पाणी, खत व निगा माळी पुरवितो. त्यामुळे वृक्षाला शेजाऱ्यावर फारसे अवलंबून राहावे लागत नाही.

पर्जन्यछायेतील माळरानावर मात्र माळी नसतो. त्याचे कार्य वनस्पतीच परस्परांसाठी करतात. गवताची मुळे माती धरून ठेवतात. काटेरी झुडपांच्या आडोशाने कोवळी रोपे गुरांपासून बचावतात. बाभळीच्या मुळांवरील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. चंदन तर शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेते.

या संबंधांकडे दुर्लक्ष करून महाराष्ट्रातील अनेक उजाड टेकड्यांवर ग्लिरिसिडियासारख्या एकाच परकीय जातीची लागवड झाली. टेकड्या हिरव्या दिसल्या; परंतु दाट सावलीत स्थानिक गवते मागे पडली.

याउलट, हिवरे बाजार (जि. अहिल्यानगर) येथे 1990 च्या दशकात ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, डोंगरउतारावर समतल चर खोदले आणि गवत केवळ कापून नेण्याची मुभा ठेवली. त्यामुळे वृक्षलागवडीबरोबरच गवतालाही सावरण्यास अवधी मिळाला.

तात्पर्य, केवळ रोपांची संख्या मोजणे हा संग्रहाचा निकष होय. माळरानाच्या पुनरुज्जीवनात जातींची विविधता व त्यांचे परस्परसंबंध हाच निकष मानावा लागेल.