धागा : घरच्या बिअरची थंड पेटी आणि तिच्यामागचा अडीचशे वर्षांचा इतिहास

आजचा धागा एका विचित्र दिसणाऱ्या पेटीविषयी आहे. अमेरिकेतील कित्येक घरांच्या गॅरेजमध्ये ती आढळते. आपल्याकडे आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर. झाकणाखाली वीतभर उंचीची लाकडी चौकट. आणि त्या चौकटीतून बाहेर डोकावणाऱ्या तीन-चार तोट्या. आत पोलादी डबे, गॅसचा एक सिलिंडर आणि नळ्यांचे जाळे. घरी आंबवलेली बिअर थंड ठेवून थेट तोटीतून पेल्यात घेण्याची ही सोय. तिकडचे हौशी लोक तिला ‘कीझर’ म्हणतात. केग, म्हणजे बिअरचे पिंप, आणि फ्रीझर या दोन शब्दांचा तो संकर.

वरवर पाहता हा निव्वळ जुगाड आहे. परंतु या पेटीतील दोन मुख्य वस्तूंचा, थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचा आणि वायूचा दाब सोसणाऱ्या डब्याचा, माग काढत गेले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. दोन्हींची मुळे बिअरच्याच कारखान्यात आहेत. एक तेथून निघून स्वयंपाकघरात गेली, दुसरी सोड्याच्या दुकानात. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हौशी मंडळींनी दोघींना पुन्हा एकत्र आणले.

प्रथम थंडीची गोष्ट पाहू.

बव्हेरिया हा आजच्या जर्मनीचा दक्षिण भाग. तेथे १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने हुकूम काढला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात कोणीही बिअर बनवू नये. कारण साधे होते : उन्हाळ्यात केलेली बिअर नासत असे. या निर्बंधाचा एक परिणाम असा झाला की थंडीतही काम करणाऱ्या, आंबवण संपल्यावर तळाशी बसणाऱ्या यीस्टचे महत्त्व वाढत गेले. या यीस्टपासून होणारी बिअर म्हणजे ‘लागर’. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ साठवण. ही बिअर कित्येक आठवडे जवळजवळ गोठणबिंदूपाशी मुरवावी लागते. म्हणून म्युनिकच्या कारखानदारांनी जमिनीत खोल तळघरे खोदली, हिवाळ्यात तळ्यांतील बर्फ कापून त्यांत भरला, आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावली. उन्हाळ्यात लोक त्या झाडांखाली बसून बिअर पिऊ लागले. म्युनिकचे प्रसिद्ध ‘बिअर गार्डन’ असे जन्मास आले. बर्फ वितळू नये म्हणून लावलेली झाडे पुढे शहराची ओळख ठरली!

ज्यांच्याकडे तळी गोठतच नाहीत त्यांनी काय करावे? हिंदुस्थानात पेय गार करण्याची जुनी युक्ती म्हणजे शोरा, अर्थात सोरमीठ. तो पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो. म्हणून शोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवीत ठेवीत. मराठी कागदपत्रांत येणारा ‘आबदारखाना’ हा शब्द पिण्याच्या पाण्याची अशी व्यवस्था पाहणाऱ्या खात्याचाच. पुढे १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्यास धाडला, आणि लवकरच मुंबईतही अमेरिकन बर्फ साठवण्याचे बर्फघर उभे राहिले. साहेबाची बिअर गार झाली खरी, पण उष्ण मुलखात बिअर बनविणे हा निराळाच प्रश्न होता. म्हणून १८५० च्या दशकात एडवर्ड डायरने आपला कारखाना काढला तो थेट हिमालयाच्या कुशीत, कसौलीला. थंडी आणता येत नसेल तर कारखान्यानेच थंडीकडे जायचे, असा तो काळ होता.

हे समीकरण बदलले ते म्युनिकच्या पॉलिटेक्निकमधील कार्ल फॉन लिंड या प्राध्यापकाने. (पुढे इंजिनामुळे अजरामर झालेला रुडॉल्फ डिझेल हा त्याचाच विद्यार्थी.) १८७० च्या सुमारास लिंडने कृत्रिम थंडीवर लेख लिहिले. त्यांची दखल विद्वानांआधी घेतली ती बिअरवाल्यांनी. म्युनिकच्या श्पाटेन कारखान्याचा मालक गाब्रिएल झेडलमायर याने प्रयोगासाठी आपला कारखानाच मोकळा करून दिला. पहिल्या यंत्रात मिथाइल ईथर हा ज्वालाग्राही वायू होता. १८७६ साली अमोनियावर चालणारे सुधारित यंत्र आले. त्यातील एक ट्रिएस्टे येथील ड्रेहर यांच्या बिअर कारखान्यात बसविण्यात आले. तेथे हिवाळा सौम्य, त्यामुळे बर्फाची वानवा. १८७९ मध्ये लिंडने प्राध्यापकी सोडून कंपनी काढली, आणि तिच्या पाठीशी पैसा उभा करणाऱ्यांतही बिअर कारखानदार होतेच.

या यंत्राचे तत्त्व आपल्या माठाचेच. माठातून झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार होते. माठाची वाफ हवेत विरून जाते. लिंडच्या यंत्रात ती पकडली जाते, पंपाने दाबून तिची उष्णता बाहेर टाकली जाते आणि तिचा पुन्हा द्रव होतो. हे चक्र अखंड चालते. पुढे हीच युक्ती लहान होत होत घरात आली. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिकचा ‘मॉनिटर टॉप’ फ्रिज अमेरिकन स्वयंपाकघरांत पोहोचला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रिज ही तेथे मध्यमवर्गीय गरज झाली. त्यानंतरची कहाणी आपणा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यावर वेळ दवडत नाही.

आता वायूची गोष्ट. मला स्वतःला ही अधिक मोहक वाटते.

१७६७ साली जोसेफ प्रिस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडमधील लीड्स शहरी राहावयास आला. शेजारी बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या रसाच्या हौदावर एक अदृश्य वायू साचतो आणि त्यात जळती काडी धरली की ती विझते, हे त्याने पाहिले. विझलेल्या काडीचा धूर त्या वायूत अडकून राही आणि हौदाच्या काठावरून खाली ओघळताना दिसे. म्हणजे हा वायू हवेहून जड. आज आपण त्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतो. प्रिस्टलीने हौदावर दोन पात्रे धरली आणि एकातले पाणी दुसऱ्यात ओतत राहिला. काही मिनिटांत पाण्याला झणझणीत चव आली. १७७२ मध्ये त्याने त्याची कृती छापली आणि पुढल्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यास कॉप्ली पदक दिले. पैसा मात्र दुसऱ्याने मिळविला : योहान याकोब श्वेप याने १७८३ साली जिनिव्हात अशा पाण्याचा धंदा सुरू केला. आपल्या नाक्यावरच्या सोडा-लेमनची वंशावळ अशी लीड्सच्या बिअरच्या हौदापर्यंत जाते.

१८०३ साली विल्यम हेन्रीने या विद्येस नियम दिला : द्रवात विरघळणारा वायू हा वरच्या दाबाच्या प्रमाणात असतो. आणि द्रव जितका थंड, तितका वायू अधिक विरघळतो. ही दोन वाक्ये ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

विसाव्या शतकात अमेरिकेत सोडा फाउंटनला कोला पुरविण्यासाठी स्टेनलेस स्टीलचे उभट डबे निघाले. पाच गॅलनचे, म्हणजे सुमारे १९ लिटरचे. झाकण हाताने उघडता येते, आत हात घालून धुता येतो, एका तोंडातून वायू आत जातो आणि दुसऱ्यातून पेय बाहेर येते. मिनेसोटातील कॉर्नेलियस कंपनीवरून त्यांना ‘कॉर्नी’ असे लाडके नाव पडले. पेप्सी आणि कोका-कोला यांच्या डब्यांची जोडणी मुद्दाम वेगळी. एकाचा सांधा दुसऱ्याला बसत नाही. पुढे कोलाचे सरबत खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून येऊ लागले आणि हे मजबूत डबे मोठ्या संख्येने निकामी ठरले. भंगाराच्या भावात ते बाजारात आले.

पण ते विकत घेणारा गिऱ्हाईक कोठून आला? त्यासाठी कायद्याकडे वळावे लागते.

अमेरिकेत जानेवारी १९२० पासून दारूबंदी होती. ती डिसेंबर १९३३ मध्ये उठली. तथापि घरी वाइन करण्यास जी मोकळीक मिळाली, ती घरच्या बिअरला मिळाली नाही. तब्बल पंचेचाळीस वर्षे घरी बिअर आंबविणारा माणूस केंद्रीय कायद्याने गुन्हेगार होता. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन, तर दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर करण्याची मुभा मिळाली. विक्री मात्र निषिद्धच. राज्ये आपापला कायदा राखून होती. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी परवानगी दिली ती २०१३ मध्ये. इंग्लंडने हा परवाना १९६३ सालीच रद्द केला होता.

कायदा सैल झाला, छंद वाढला, आणि एक क्षुल्लक वाटणारी पीडा सर्वांना छळू लागली : बाटल्या. १९ लिटरची एक खेप म्हणजे पन्नासहून अधिक बाटल्या. प्रत्येक धुवायची, निर्जंतुक करायची, भरायची. फेसासाठी साखर टाकायची; ती अधिक झाली तर बाटली फुटते. एका भांड्यात सारे काम भागविणारा कॉर्नी डबा त्यांना देवदूतच वाटला असावा.

आता पेटीची रचना उमगेल. फ्रीझरचे यंत्र उणे १८ अंशांसाठी बनलेले. म्हणून त्याची वीज एका बाहेरच्या थर्मोस्टॅटमधून नेतात. तो ३-४ अंशांवर वीज तोडतो. भिंतीला भोक पाडून तोटी बसविण्याचा मोह घातक, कारण शीतक वायूच्या नळ्या भिंतीतच दडलेल्या असतात. त्यासाठीच ती लाकडी चौकट : झाकण काढायचे, चौकट बसवायची, तोट्या तिच्यातून काढायच्या. फ्रीझर तसाच अखंड. झाकण वरून उघडत असल्याने गार हवा सांडत नाही. मात्र ती तळाशी साचते, म्हणून लहानसा पंखा लावतात.

आणि येथे हेन्री भेटतो. सिलिंडरमधील दाब खोलीच्या तापमानाला चौरस इंचास आठशे पौंडांच्या घरात असतो. रेग्युलेटर तो बारापर्यंत उतरवितो. ३-४ अंशांवर एवढ्या दाबाने लिटरभर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर वायू मुरतो. हेच खोलीच्या उष्म्यात करायचे तर दुपटीहून अधिक दाब लागेल. मग तोटी उघडताच फेसाखेरीज काही मिळणार नाही, म्हणून तोटीपर्यंतची नळी मुद्दाम अरुंद आणि आठ-दहा फूट लांब ठेवतात. घर्षणात दाब खर्ची पडतो आणि बिअर शांतपणे पेल्यात उतरते. नवशिका माणूस नळी आखूड करून जागा वाचवितो आणि आठवडाभर फेस पीत बसतो.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी : आपल्याकडे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे हा धागा इतिहास म्हणूनच वाचावा.

ज्या देशांत मुभा आहे तेथील हौशी मंडळींना मात्र प्रिस्टलीचा हौद विसरून चालत नाही. एखादा सांधा रात्रभर गळत राहिला तर तोच जड वायू फ्रीझरच्या तळापासून काठापर्यंत भरतो, आणि झाकण उघडून डबा उचलायला वाकणाऱ्याचे डोके नेमके त्यात जाते. म्हणून जाणते लोक प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात, आणि झाकण उघडल्यावर पंख्याने आतला वायू बाहेर घालवून मगच आत वाकतात; नुसते थोडा वेळ थांबल्याने तो जड वायू निघून जात नाही.