पोलादी कांबीची गिटार : हक्क कोणाचा?

हवाईयन गिटारीचे लांब, ओढीव सूर कानी पडले म्हणजे आपल्याकडील रसिकाला विचित्रवीणेची आठवण होते, आणि हे वाद्य मूळचे आपलेच असावे, असे तो सहज बोलून जातो. कोणी हक्क सांगितला की पुरावा मागावा, ही आम्हां वकिलांची सवय. तेव्हा या हक्काची थोडी छाननी करू.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेक्सिकोकडून आलेल्या गुराख्यांबरोबर गिटार हवाई बेटांत रुजली. तेथील लोकांनी तिच्या तारा सैल करून आपल्या गळ्याला मानवतील अशा स्वरांत लावल्या. पुढे ओआहू बेटावरील लाईए गावी १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकू या मुलाने, कामेहामेहा शाळेत शिकत असताना, १८८९ च्या सुमारास तारांवर धातूचा तुकडा सरकवून पाहिला. तो तुकडा रुळाजवळ सापडलेला खिळा होता की खिशातली फणी, याविषयी कथा अनेक आहेत. परंतु त्याने शाळेच्या कर्मशाळेत पोलादी कांब घडविली आणि ही वादनपद्धती वर्षानुवर्षे घोटली, हे महत्त्वाचे.

भारताच्या बाजूने एकच साक्ष पुढे केली जाते. गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, हिंदुस्थानात जन्मलेला एक तरुण १८८४ च्या सुमारास होनोलुलूत अशाच रीतीने वाजवीत असे, असे एका हवाईयन संगीतकाराने पुष्कळ वर्षांनी सांगितले. ही साक्ष खरी धरली, तरी त्या तरुणाने ही कला वीणेवरून उचलली, हे तिच्यातून निघत नाही. विचित्रवीणा आणि दक्षिणेचे गोट्टुवाद्य यांच्याशी साम्य आहे खरे. पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. आमच्या मते दावा सिद्ध होत नाही.

हा निव्वळ मानापमानाचा प्रश्न नव्हे. १८९३ साली हवाईची राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली; १८९६ च्या कायद्याने शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले; १८९८ साली बेटे अमेरिकेत विलीन झाली. राज्य गेले आणि शाळेतून भाषाही गेली, त्याच काळात या वाद्याने त्या लोकांचे नाव जगभर नेले. केकुकू १९०४ साली अमेरिकेस गेला, आणि १९१५ च्या सॅन फ्रॅन्सिस्को प्रदर्शनानंतर तेथे हवाईयन संगीताची लाटच उसळली. भाषेचे मोल ज्यांना झुंजून कळले, त्या आमच्या सीमाभागातील वाचकांना अशा ठेव्यावर परक्याने नाव घालणे किती बोचते, हे सांगणे नलगे.

उलट ऋण आपल्यावर आहे. १९४० च्या दशकात हवाईयन वादक ताऊ मो कलकत्त्यास राहिले, आणि त्यांच्यामुळे या वाद्याची गोडी येथे वाढली. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडले. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका सर्वश्रुत आहे. विश्वमोहन भट्ट यांनी तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळविले. घेतलेले आपण वाढविले. हे भूषण लहान नाही.

ज्यांना हे वाद्य शिकावयाचे असेल त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवावी. मानेच्या टोकाशी तारा इतक्या उंच हव्यात की कांब पडद्यांना टेकू नये. उजव्या हाताच्या बोटांना नख्या चढवाव्यात. डाव्या हातातील कांब पडद्याच्या मागे नव्हे, नेमकी त्याच्या वर, हलकेच धरावी. मागील बोटे तारांवर टेकवावीत, म्हणजे नको ते नाद थांबतील. प्रथम एकाच तारेवर सारेगम साधावे, मग मींड. आणि पहिला सूर लागेल तेव्हा लाईएच्या त्या विद्यार्थ्याचे नाव आदराने घ्यावे. आपल्याकडे गुरूला वंदन केल्यावाचून वाद्याला हात लावीत नाहीत. त्या रीतीला हे धरूनच आहे.